बिझनेस क्लासचे ‘माइल्स’ : योजना निवडताना

वारंवार प्रवास करणारा ग्राहक आपल्याकडेच राहावा, यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ‘फ्रिक्वेंट फ्लायर’ योजना सुरू केली. आज बहुतेक मोठ्या विमान कंपन्या अशा योजना चालवतात. मात्र बिझनेस क्लासच्या नियमित प्रवाशाने त्यांची तुलना वेगळ्या निकषांवर करायला हवी.

या योजनांचे लाभ दोन प्रकारचे असतात. ‘गोल्ड’सारखा दर्जा मिळाल्यास लाउंज, जादा सामान, चेक-इनसाठी स्वतंत्र रांग अशा सवलती मिळतात. पण बिझनेस क्लासच्या तिकिटात त्या बहुधा असतातच. त्यामुळे दर्जाचा खरा उपयोग होतो तो कुटुंबासह इकॉनॉमीतून जाताना. बिझनेस क्लासच्या प्रवाशाची खरी कमाई म्हणजे ‘माइल्स’. त्यांच्या बदल्यात तिकीट किंवा वरच्या वर्गातील जागा मिळते; कर व शुल्क मात्र सहसा भरावेच लागते.

पूर्वी माइल्स अंतरानुसार मिळत. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये ते तिकिटावरील खर्चाशी जोडले. एअर इंडियाने २०२४ मध्ये तीच वाट धरली. या पद्धतीत महाग तिकीट काढणाऱ्याचा फायदा होतो. कार्यालयाने सवलतीच्या दरात तिकीट काढले, तर माइल्सही त्या प्रमाणात घटतात.

दुसरा निकष आघाडीचा. एअर इंडिया (२०१४ पासून) आणि सिंगापूर एअरलाइन्स या दोन्ही ‘स्टार अलायन्स’च्या सदस्य आहेत. त्यामुळे एकीच्या प्रवासाचे माइल्स दुसरीच्या खात्यात जमा करता येतात. किती, हे तिकिटाच्या श्रेणीवर ठरते. एमिरेट्स कोणत्याही आघाडीत नाही. मुंबईहून दुबईमार्गे जाणे-येणे त्याच कंपनीने होत असेल, तर तिची योजना सोयीची. मार्ग सतत बदलत असतील, तर आघाडीतील कंपनी बरी.

तिसरा निकष मुदतीचा. सिंगापूरच्या ‘क्रिसफ्लायर’चे माइल्स सर्वसाधारणपणे ३ वर्षांत बाद होतात. मुदत नसली तरी जोखीम उरतेच. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये आणि जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये थांबली. जेटची योजना ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालू राहिली. पण ज्या विमानांतील जागांसाठी माइल्स साठवले, ती विमानेच उरली नाहीत.

माइल्सवर व्याज मिळत नाही आणि त्यांचे मोल कंपनी केव्हाही घटवू शकते. म्हणून वर्षभरातील आपले मार्ग पाहून एकच मुख्य योजना निवडावी आणि साठा वाढवत बसण्यापेक्षा तो वेळीच वापरावा, हेच शहाणपणाचे.