समाजकार्याचा वर्ग मोहल्ल्यात भरतो

समाजकार्याचे विद्यार्थी वही घेऊन दारात येतात. घरात माणसे किती, कमावते किती, मुली शाळेत जातात का, असे विचारतात. "याचा आम्हाला काय फायदा?" असे घरच्यांनी विचारले, तर ते रास्तच आहे.

या शिक्षणाचे देशातले पहिले विद्यालय १९३६ मध्ये मुंबईत, नागपाड्याच्या दाट वस्तीत सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट तिथे आधीपासून 'नेबरहूड हाऊस' हे सेवाकेंद्र चालवत होते. त्याच वास्तूत भरलेले हे विद्यालय आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. म्हणजे आधी वस्तीतले काम होते, वर्ग मागून आला.

आमच्या तिवसा तालुक्यालाही हा विचार परका नाही. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभारला आणि गावाची सेवा हेच शिक्षण मानले.

मात्र नुसती सेवा वेगळी आणि सेवेतून शिकणे वेगळे. मोहल्ला झाडून फोटो काढला, की सेवा संपते. कचरा पुन्हा तिथेच का साचतो, हे शोधून ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीपर्यंत जाणारा विद्यार्थी शिकतो. समजा, एका बेवा बहिणीला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान हवे आहे. विद्यार्थिनी तिच्यासोबत तहसील कार्यालयात गेली, कोणता दाखला कशामुळे अडला हे तिने पाहिले, तर योजना कागदावर कशी असते आणि माणसापर्यंत कशी पोहोचते, हे तिला कळेल. नंतर शिक्षकांपुढे बसून तिने त्या अनुभवाचा विचार केला, तरच शिकणे पूर्ण होते.

यात आपलाही वाटा आहे. विद्यार्थी आले, तर त्यांना बसवावे, पण विचारावेही: ही माहिती कशासाठी? पुन्हा केव्हा याल? आमच्या मोहल्ल्याची पहिली गरज कोणती, हे आम्हाला विचाराल का? घरातल्या बायका-मुलींचे फोटो परवानगीशिवाय काढू देऊ नयेत. अर्धवट सोडलेल्या अर्जाची आठवण कॉलेजला जरूर करून द्यावी.

खिदमत आपल्या घरांना नवी नाही. तिला कायद्याची, योजनांची आणि नोंदींची जोड कशी द्यायची, ते हे शिक्षण शिकवते. म्हणून बारावीनंतर मुलामुलींसाठी वाटा शोधताना समाजकार्याच्या पदवीचाही विचार व्हावा. मोहल्ल्याची अडचण ज्यांनी घरातच पाहिली आहे, त्यांचा अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो.