मुरमाच्या वाटेवरची सायकल : सहा गैरसमज

रविवारी पहाटे काशिमिरा नाक्यावर उभं राहिलं की घोडबंदरच्या दिशेने निघालेले सायकलस्वार हमखास दिसतात. हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, खाली बोटाएवढे बारीक टायर. नजर डांबरावर. तिथल्याच काशीगावच्या एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि आता गावाच्या नावाचं मेट्रो स्थानकही. अशा ठिकाणी राहणाऱ्याला सायकल म्हणजे ट्रकच्या बाजूने जीव मुठीत धरून चालवायची गोष्ट वाटली, तर नवल नाही.

पण सायकलीचं एक दुसरं जग आहे. डांबर संपतं तिथे ते सुरू होतं. त्याला हल्ली ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात आणि त्याचं नाव निघालं की फ्रान्समधल्या चढउतारांच्या शेतवाटांची छायाचित्रं डोळ्यांपुढे येतात. या प्रकाराबद्दल आपल्याकडे कुतूहल भरपूर आहे, तितकेच गैरसमजही.

गैरसमज १ : हे परदेशातून आलेलं नवं खूळ आहे.

वस्तुस्थिती : नाव नवं आहे, प्रकार जुना. १९०३ मध्ये पहिली टूर द फ्रान्स झाली, तेव्हा स्पर्धकांच्या वाट्याला बहुतेक धुळीचे आणि खडीचेच रस्ते आले. आणि सोयही तोकडी : चालत्या सायकलीवर साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणारी गिअरची यंत्रणा वापरायला त्या स्पर्धेत परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये.

आणि मुंबईही मागे नव्हती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईतून सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर पार करून मार्च १९२८ मध्ये परतले. वाटेत इराण, इराक आणि सिनाईचं वाळवंट होतं. त्या वाटांवर डांबराची अपेक्षा करण्याची सोयच नव्हती.

आजच्या स्वरूपातल्या या खेळाला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाच्या शर्यतीने मोठी प्रसिद्धी दिली. ती २००६ पासून होते. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची पहिली ग्रॅव्हल जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली, आणि महिलांचं विजेतेपद फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्होने पटकावलं.

गैरसमज २ : त्यासाठी लाखाची खास सायकल लागते.

वस्तुस्थिती : सगळ्यांत आधी लागतो तो रुंद टायर. शर्यतीच्या सायकलीचा टायर साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो, डोंगरी सायकलीचा ५० च्या पुढे. ग्रॅव्हलचा टायर या दोन्हींच्या मधला, सहसा ३८ ते ४५ मिलिमीटरचा.

आता दूधवाल्याची काळी, दांड्याची सायकल आठवावी. तिच्या टायरच्या कडेवर उठावदार आकडे असतात : २८ गुणिले दीड. म्हणजे २८ इंची चाक, दीड इंच रुंदी. हिशेब केला तर जवळपास ४० मिलिमीटर! दोन कॅन बांधून खेड्यातल्या खडबडीत रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या धावलेली ही सायकल रुंदीच्या बाबतीत आजच्या ग्रॅव्हल सायकलीच्याच घरातली आहे.

नव्या सायकलीत डिस्क ब्रेक, चढावर कामी येणारे हलके गिअर आणि खाली वळलेलं हँडल असतं. त्यांचा उपयोग नक्की होतो. पण ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर बसणारी साधी हायब्रीड सायकल सुरुवातीला पुरते.

गैरसमज ३ : टायर दगडासारखा टणक असला की सायकल जोरात पळते.

वस्तुस्थिती : गुळगुळीत रस्त्यावर यात थोडंफार तथ्य आहे, खडीवर अजिबात नाही. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो. पुढे जाण्यासाठी लावलेला जोर सायकल आणि स्वार वर उचलण्यात वाया जातो, हादरे मनगटात आणि कंबरेत उतरतात. जरा नरम टायर खड्याभोवती दबतो, पुन्हा फुगतो, आणि चाक जमिनीला धरून राहतं. म्हणून ज्या स्वाराच्या बारीक टायरमध्ये ८०-९० पीएसआय हवा असते, त्याला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरते. अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित आत गेला पाहिजे. मात्र हवा फारच कमी झाली, तर दगडावर आपटून ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

गैरसमज ४ : फ्रान्समधल्या त्या शेतवाटांचा प्रदेश सपाट आणि सोपा, आणि वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत खडीची.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. २०२४ च्या टूर द फ्रान्सचा नववा टप्पा त्र्वा शहरात सुरू होऊन तिथेच संपला. एकूण १९९ किलोमीटर, आणि त्यात खडीचे १४ तुकडे मिळून ३२ किलोमीटर, म्हणजे जेमतेम एक षष्ठांश. तरीही त्या पांढऱ्या धुळीने स्पर्धकांची परीक्षा पाहिली. जिंकला फ्रान्सचा आंतोनी त्युर्जिस. हौशी स्वारांचे मार्गही असेच मिश्र असतात : थोडं डांबर, थोडी शेतवाट, थोडं रान.

ब्रिटनी प्रांतातली ‘त्रो ब्रो लेऑन’ ही शर्यत १९८४ पासून शेतांमधल्या अरुंद वाटांवरून धावते. तिथल्या भाषेत या वाटांना ‘रिबिनू’ म्हणतात. शर्यतीत सर्वांत पुढे येणाऱ्या स्थानिक स्पर्धकाला बक्षीस म्हणून डुकराचं पिल्लू देतात.

राहिला सोपेपणा. पन्नास मीटरची एक टेकडी कोणालाही जमते. दिवसभरात अशा वीस टेकड्या आल्या की हजार मीटर चढ होतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, हे ध्यानात घेतलं की पोटऱ्या का बोलतात ते कळतं.

गैरसमज ५ : कच्चा रस्ता सगळीकडे सारखाच.

वस्तुस्थिती : त्र्वाच्या परिसरातल्या वाटा पांढऱ्या दिसतात, कारण तिथे जमीन चुनखडीची आहे. ती कोरडी असताना घट्ट असते, पावसात निसरडी होते. महाराष्ट्रातला मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाण. त्यातून पाणी निचरतं, म्हणून दाबून बसवलेल्या मुरमावर चार सरी पडून गेल्या तरी सायकल चालते. काळ्या मातीचं उलट. ती भिजली की फुगते, टायरला थर चढतो, आणि शे-दोनशे पावलांत चाक अडकून बसतं. खाडीकाठच्या खाजणातला चिखल तर वरून सुकलेला दिसतो आणि खाली चाक गिळतो.

काशीगावकराला अशा वाटांची ओळख करून घ्यायला लांब जायला नको. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली आहे. तिने वसई गाठली की महामार्गावरचा बराच प्रवास टळतो. तिथून तुंगारेश्वरच्या डोंगरात जाणारी वाट ओढे ओलांडत देवळाकडे चढते. उन्हाळ्यात त्या ओढ्यांत गोटे असतात. पावसाळ्यात त्यांना अचानक लोंढा येतो, तेव्हा सायकल घेऊन पाण्यात शिरू नये.

गैरसमज ६ : कच्ची वाट म्हणजे कोणीही, केव्हाही जावं अशी वाट.

वस्तुस्थिती : तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे आणि काशीगावामागचं जंगल राष्ट्रीय उद्यान. दोन्हींना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. वन विभागाने खुल्या ठेवलेल्या वाटा आणि वेळा सोडून आत घुसणं हा गुन्हा आहे, आणि हा बिबट्याचा मुलूख आहे. मिठागरांचे बांधही सार्वजनिक रस्ते नव्हेत.

फ्रान्समध्ये ‘शमँ रुराल’ नावाच्या गाववाटा गावाच्या मालकीच्या असतात आणि सर्वांना खुल्या असतात. पण लोकांचा वापर थांबला, तर तिथल्या कायद्याप्रमाणे ग्रामसंस्थेला ती वाट विकता येते. थोडक्यात, चालणारे, गाडीवाले आणि सायकलवाले येत-जात राहिले तर वाट टिकते.

आपल्याकडच्या पाणंदी, शिवरस्ते आणि गाडीवाटा याच गोतावळ्यातल्या. गावनकाशावर त्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. कोणी नांगर घालून किंवा कुंपण टाकून वहिवाटीचा रस्ता अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पाणंदी दुरुस्त करण्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ही आणली. या वाटा आधी शेतकऱ्याच्या आहेत, मग सायकलवाल्याच्या. समोरून बैलगाडी आली तर उतरून कडेला उभं राहावं, उभ्या पिकात चाक घालू नये, आणि वाटेतलं फाटक उघडावं लागलं तर मागे वळून त्याची कडी पुन्हा लावावी.