चौकटींच्या धंद्यावर उभे राहिलेले कलादालन

मुंबईच्या गॅलरी केमोल्डची ओळख बहुधा तिथे झळकलेल्या मोठ्या नावांवरून करून दिली जाते. माझ्या मते या छोट्या खासगी दालनाचे खरे बळ त्याच्या मुळाशी असलेल्या एका साध्या व्यवसायात होते. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला. चौकटीच्या निमित्ताने चित्रकारांशी ओळखी झाल्या आणि आरा, हेब्बर यांच्यासारख्यांची चित्रे दुकानाच्या दर्शनी भागात लागू लागली. पुढे १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. खालच्या दालनांत चित्रकार भाडे भरून ठरावीक दिवस प्रदर्शन मांडत. वर मात्र एकाच चित्रकाराची वर्षानुवर्षे पाठराखण होऊ शकत होती, कारण पोटापाण्याची सोय चौकटींनी केली होती आणि चित्र लगेच विकलेच पाहिजे ही निकड त्यामुळे सैल पडली होती.

या सवडीचे मोल तिथल्या प्रदर्शनांत दिसते. १९७० च्या दशकाच्या मध्यात जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे इथे लागली, तीही शहरी चित्रकारांची कामे लागत त्याच भिंतींवर. १९८९ मध्ये अतुल डोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन इथेच भरले. १९९२ मध्ये नलिनी मालानी यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ थेट दालनाच्या भिंतींवर रेखाटले आणि प्रदर्शनानंतर ते पुसले गेले. घरी नेण्याजोगे काहीच मागे न ठेवणाऱ्या कामाला जागा देणारे दालन केवळ विक्रीचा हिशेब करत नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

यावर आक्षेप येतो, की खासगी गॅलरी म्हणजे शेवटी श्रीमंतांचे दुकानच. कलेचा सांभाळ सार्वजनिक संस्थांनी करायचा असतो. तत्त्व म्हणून ते मला मान्य आहे. पण राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय मुंबईत सुरू व्हायला १९९६ उजाडले, आणि त्यासाठी धडपडणाऱ्यांत केकू गांधीही होते. सार्वजनिक संस्थेची वाट पाहत असताना त्यांनी तिची उणीव आपल्या परीने भरून काढली. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: वारली लग्नघरी सुवासिनींनी भिंतीवर रेखायचा चौक कागदावर आणि बाजारात आला, त्याचा विधीशी असलेला संबंध तुटला. हे नुकसान खरे आहे, ते नाकारू नये. मात्र त्याच प्रवासात मशे यांना स्वतःच्या नावाने चित्रकार म्हणून ओळख मिळाली. अनामिक ‘आदिवासी कला’ या शिक्क्याखाली ती मिळाली नसती.

२००७ मध्ये केकू-खोर्शेद यांची मुलगी शिरीन गांधी यांच्या काळात हे दालन फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेले. कलेचा बाजार वाढला तशी स्वतंत्र दालनांना झटपट विक्रीची ओढही वाढली आहे. म्हणून नवे दालन काढणाऱ्याने आधी एक प्रश्न सोडवावा: चित्र विकले नाही, तर भाडे कशातून भरायचे? त्याचे उत्तर हाती असेल, तरच न खपणाऱ्या चित्रकारामागे उभे राहता येते.