प्रवेश-अभ्यासक्रमाचे प्रयोजन : साक्री तालुक्यातील फड पद्धतीच्या आधारे एक विवेचन

महाविद्यालयीन शिक्षणाचा विचार करताना प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमांकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. प्रथम वर्ष म्हणजे पुढील इमारतीचा पाया, एवढे म्हणून तो विषय बाजूस सारण्याची प्रथा आहे. ही उपमा सोयीची खरी. परंतु पायावर इमारत उभी राहणारच, असे तीत धरून चाललेले असते. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रथम वर्षास अर्थशास्त्र, भूगोल किंवा वनस्पतिशास्त्र घेणारे अनेक विद्यार्थी पुढे त्या विषयाचा हात सोडतात. काहींचा विशेष विषय दुसरा असतो, काहींचे शिक्षणच तेथे थांबते. अशा विद्यार्थ्यापुरता पाया हीच इमारत होय. तेव्हा प्रवेश-अभ्यासक्रम कोणासाठी रचावयाचा, पुढे जाणाऱ्यासाठी की तेथेच थांबणाऱ्यासाठी, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. धुळे जिल्ह्यातील साक्रीसारख्या तालुक्यात, जेथे घरातील पहिलीच व्यक्ती महाविद्यालयाची पायरी चढते असे वारंवार घडते, तेथे या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे.

पूर्वपीठिका

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. महाविद्यालये संलग्न करून घेणे, अभ्यासक्रम नेमणे व परीक्षा घेणे, ही त्याची आरंभीची मुख्य कामे होती. परीक्षांची जी शिडी या व्यवस्थेने उभी केली, तिची प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठी होती. खानदेशातील विद्यार्थ्यास तर ती चढण्यापूर्वी गावच सोडावे लागे. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय व जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ साली निघाली. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले व खानदेश त्याच्या कक्षेत गेला. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. आज साक्री, पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर अशा ठिकाणी महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्याच्या घरापासून वर्गापर्यंतचे अंतर अशा रीतीने तीन पिढ्यांत पुष्कळच कमी झाले. वर्गात जे शिकविले जाते त्याचे अंतर मात्र त्याच मानाने कमी झाले काय, हे पाहणे आवश्यक आहे.

सर्वसामान्य शिक्षणाची कल्पनाही या काळात पुढे आली. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, समकालीन संस्कृतीविषयी एक सामाईक अभ्यासक्रम नवागतांसाठी सुरू केला. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने १९४५ साली स्वतंत्र समाजातील सामान्य शिक्षणावर आपला अहवाल प्रसिद्ध केला. भारतात डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात हाच विचार आग्रहाने मांडला. कोठारी आयोगानंतर (१९६४–६६) देशाने दहा, दोन व तीन वर्षांचा आकृतिबंध स्वीकारला. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली व बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली. पूर्वी महाविद्यालयाच्या आरंभी येणारा पुष्कळसा परिचयात्मक भाग यामुळे बारावीपर्यंतच्या वर्गांकडे गेला. पदवीचे प्रथम वर्ष हे विशेष विषयाची पूर्वतयारी बनले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे चित्र पुन्हा पालटले आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४–२५ पासून लागू झाली. तीनुसार विद्यार्थ्यास आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरील काही खुले वैकल्पिक विषय घ्यावे लागतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी इतिहासाच्या, तर मराठीचा विद्यार्थी विज्ञानाच्या वर्गात बसतो. सैद्धान्तिक विषयात एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन. म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयास अवघे तीस तास मिळतात. त्या विद्यार्थ्याची त्या शास्त्राशी गाठ बहुधा तेवढीच. याच रचनेत, विहित अटी पुऱ्या केल्यास, एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे. यास्तव प्रवेश-अभ्यासक्रम स्वयंपूर्ण असावा, ही अपेक्षा आता व्यवस्थेतूनच निर्माण झाली आहे.

तीस तासांत काय द्यावे

तीस तासांत कोणतेही शास्त्र सांगून संपत नाही. तरीही सामान्यतः मोठ्या ग्रंथातील प्रकरणांचे सार काढून ते क्रमाने शिकविण्याचा मार्ग पत्करला जातो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, परीक्षेत उतरवून काढतो व वर्षभरात विसरतो. दुसरा मार्ग असा की, त्या शास्त्राचा प्रश्न विचारण्याचा व उत्तराची खातरजमा करण्याचा जो विशिष्ट रिवाज असतो, तो एखाद्या परिचित विषयाच्या द्वारे दाखवावा. माहिती विसरली जाते. प्रश्नाची रीत एकदा अंगवळणी पडली की सहसा सुटत नाही. हा भेद स्पष्ट करण्यासाठी साक्री तालुक्यातीलच एक उदाहरण घेऊ.

तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत पांझरा नदी उगम पावते. साक्री गाव ज्या कान नदीच्या काठी वसले आहे ती पुढे पांझरेस मिळते. या खोऱ्यांत, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर, फड पद्धतीचे सिंचन पूर्वापार चालत आले. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्याच्या काठातून पाट काढावयाचा व पाटाखालील जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग, म्हणजे फड, पाडावयाचे. एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पीक, तिसरा कोरडवाहू किंवा पडीत. आणि पुढे या क्रमाची फेरपालट. पाणी सोडणारा पाटकरी व राखण करणारा जागल्या यांची नेमणूक गावकरीच करीत, आणि पाट साफ करण्याचे कामही सामाईक असे.

या एकाच बंधाऱ्याकडे निरनिराळी शास्त्रे कशी पाहतात ते ध्यानात घेण्यासारखे आहे.

पदार्थविज्ञानाचा पहिला प्रश्न मोजमापाचा : पाटातून किती पाणी वाहते? समजा, पाट एक मीटर रुंद असून पाणी अर्धा मीटर खोल आहे. वाळकी काडी पाण्यावर सोडली असता दहा मीटर अंतर पंचवीस सेकंदांत काटते. म्हणजे वेग सेकंदास ०.४ मीटर. प्रवाहाच्या छेदाचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. म्हणून सेकंदास ०.२ घनमीटर, अर्थात दोनशे लिटर पाणी वाहते. परंतु येथेच थांबणे हे विज्ञान नव्हे. काठांशी व तळाशी घर्षणामुळे पाणी मंद वाहते. काडी केवळ पृष्ठभागाचा वेग सांगते. सरासरी वेग त्याच्या सुमारे ०.८५ पट धरण्याचा प्रघात आहे. त्यानुसार उत्तर एकशे सत्तर लिटरच्या आसपास येते. तीच काडी पाच वेळा सोडली तर पाच निराळे आकडे येतात, आणि त्यांचे काय करावयाचे हा संख्याशास्त्राचा पहिला धडा होय. आपल्या मापात चूक किती असू शकते हे आपणच सांगणे, हा विज्ञानाचा शिष्टाचार त्यातून कळतो.

वनस्पतिशास्त्र व मृदाशास्त्र फेरपालटीचे कारण विचारतात. ऊस वर्षभर जमिनीत राहतो व पाणी अखंड मागतो. सतत ओलीत राहिलेल्या काळ्या जमिनीत निचरा कमी झाल्यास मुळांना हवा मिळत नाही व क्षार वर येण्याचा धोका संभवतो. फड पाळीपाळीने बदलल्याने जमिनीस उसंत मिळते. हे केवळ मानून चालत नाही. दोन शेतांतील माती आणून तिची तपासणी करावी लागते. आणि ती दोन शेते पाण्याखेरीज अन्य बाबतींत सारखी होती काय, हेही पाहावे लागते.

अर्थशास्त्राचा प्रश्न वेगळा. पाणी सर्वांचे असल्यास प्रत्येकाने अधिकाधिक ओढून ते संपवून का टाकले नाही? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असा सिद्धान्त मांडला की, निर्बंध नसलेली सामाईक संपत्ती अखेर नष्टच होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या सिंचनसंस्था, कुरणे व मच्छीमार वस्त्या तपासून दाखविले की, लोक स्वतः नियम करून, देखरेख ठेवून व मर्यादित दंड आकारून अशी संपत्ती दीर्घकाळ टिकवू शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाटकरी व जागल्या ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यास हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. सिद्धान्ताची परीक्षा तो आपल्या शिवारात घेऊ शकतो.

समाजशास्त्र व राज्यशास्त्र याच चित्राच्या कडेकडे बोट दाखवितात. पाटाच्या मुखाशी व शेवटाशी असलेल्या शेतकऱ्यांस सारखेच पाणी मिळत होते काय? नियम कोण ठरवी? ज्यांची जमीन पाटाखाली नव्हती, किंवा ज्यांस जमीनच नव्हती, त्यांचा या व्यवस्थेत वाटा काय होता? भिल्ल, कोकणा व मावची समाजांची वस्ती असलेल्या तालुक्यात हे प्रश्न टाळून फडाचे केवळ गुणगान करणे अभ्यासाच्या दृष्टीने अपुरे ठरेल.

इतिहासाचा प्रश्न सर्वांत साधा व सर्वांत अवघड आहे. फड पद्धती तीन-चारशे वर्षांची आहे असे सामान्यतः सांगितले जाते. इतिहास विचारतो : कशावरून? शिलालेख, सनदा, महसुली दप्तर, बंधाऱ्याच्या बांधणीची धाटणी, वृद्धांच्या आठवणी यांपैकी कोणता पुरावा कोणत्या विधानास पुरेसा आहे, हे तोलणे म्हणजे इतिहासाची दीक्षा. लाटीपाडा व अक्कलपाडा येथील धरणे, विहिरी व विजेचे पंप आल्यानंतर या व्यवस्थेचे काय झाले, हाही त्याच प्रश्नाचा उत्तरार्ध होय.

एकाच बंधाऱ्याविषयी हे पाच प्रकारचे प्रश्न झाले. त्यांतील एकाचे उत्तर दुसऱ्याच्या साधनाने मिळत नाही. काडी सोडून न्याय मोजता येत नाही, आणि सनद वाचून प्रवाहाचा वेग कळत नाही. विविध विद्याशाखांचे प्रवेश-अभ्यासक्रम विद्यार्थ्यास द्यावयाचे ते हेच.

परिसरातील अन्य सामग्री

बंधारा हे केवळ एक उदाहरण झाले. तालुक्यातील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्यातील भेगांत घुसून थिजलेल्या खडकाच्या लांबच लांब भिंती धुळे–साक्री भागात टेकड्यांच्या रांगांप्रमाणे उभ्या दिसतात. त्या भूजलाची वाट कोठे अडवितात व विहिरीस पाणी का लागते अथवा का लागत नाही, हे भूशास्त्राच्या पहिल्या पाठाचे उत्तम साहित्य आहे. ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या दाखवून वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्यातील शक्ती आठपट कशी होते, हे समजाविता येते. बळसाणे येथील मध्ययुगीन मंदिरे कलेच्या इतिहासास, तर भामेरचा किल्ला राजकीय इतिहासास सामग्री पुरवितो.

भाषाशास्त्रास तर येथे दूर जावेच लागत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भागात खानदेशीचा समावेश भिल्ल भाषांबरोबर केला आहे. अन्य अनेक अभ्यासक अहिराणीस मराठीची बोली मानतात. २०११ च्या जनगणनेने खानदेशीची नोंद स्वतंत्रपणे केली. भाषा कोणती व बोली कोणती हे कोण व कोणत्या कसोटीवर ठरवितो, हा भाषाशास्त्रातील मूलभूत प्रश्न अहिराणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरातच उभा आहे.

भाषेची अडचण

मात्र याच घरात एक अडचणही आहे. येथील पुष्कळ विद्यार्थी घरी अहिराणी, भिल्ली किंवा कोकणी बोलतात, शाळेत मराठीतून शिकतात व विज्ञान शाखेत इंग्रजी ग्रंथांसमोर येतात. प्रत्येक पायरीवर शब्द बदलतात. विद्यार्थ्यास कल्पना कळली नाही की केवळ शब्द कळला नाही, हे परीक्षकास उत्तरपत्रिकेवरून ओळखता येत नाही, आणि पुष्कळदा विद्यार्थ्यासही ते उमजत नाही. तो स्वतःस मंदबुद्धी समजू लागतो व विषय सोडतो. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषा सिद्ध करण्याचे मोठे काम केले आहे. तथापि नवी संस्कृतनिष्ठ संज्ञा हीसुद्धा नवशिक्यास परकीच असते. यास्तव आधी वस्तू, मग घरचा शब्द, नंतर मराठी संज्ञा व शेवटी इंग्रजी संज्ञा, असा क्रम प्रवेश-अभ्यासक्रमात ठेवणे हितावह ठरेल. पाट, चारी, निचरा, उपळट हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत त्याच्याजवळ जलशास्त्राचे निम्मे ज्ञान आधीच असते; ते ज्ञान आहे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

उपसंहार

यावर असा आक्षेप येईल की, परिसरातच रमणारे शिक्षण विद्यार्थ्यास गावातच कोंडून ठेवील, आणि स्पर्धा परीक्षेत किंवा पुण्या-मुंबईच्या वर्गात तो मागे पडेल. हा आक्षेप उपेक्षणीय नाही. परिसर हे आरंभस्थान आहे, सीमा नव्हे, याचे भान अभ्यासमंडळांनी ठेवलेच पाहिजे. पांझरेच्या पाटापासून निघालेला विद्यार्थी ऑस्ट्रॉमपर्यंत व प्रवाहाच्या समीकरणापर्यंत पोहोचला पाहिजे. परंतु उलट बाजूची हानी अधिक मोठी आहे. केवळ व्याख्या पाठ करून प्रथम वर्ष उत्तीर्ण झालेला व तेथेच थांबलेला विद्यार्थी, महाविद्यालयातील ज्ञानाचा आपल्या शेताशी, बोलीशी वा गावाशी काही संबंध नाही, अशी समजूत घेऊन घरी जातो. उद्या तोच ग्रामसभेत बसतो, विहीर कोठे खणावी ते ठरवितो, मुलीस पुढे शिकवावे की नाही याचा निर्णय करतो. त्या वेळी मोजून पाहण्याची, पुरावा मागण्याची व कोणाचा वाटा राहून गेला हे विचारण्याची सवय त्याच्याजवळ असणे वा नसणे, हे पुष्कळ अंशी त्या तीस तासांत काय झाले यावर अवलंबून राहील. प्रथम वर्षाचा वर्ग महाविद्यालयातील सर्वांत अनुभवी अध्यापकाकडे सोपविण्यास याहून वेगळे कारण शोधण्याची गरज नाही.