बर्फांतला पांढरा मासा : खरेदी आणि पाकसिद्धि

आषाढांत समुद्र खवळतो आणि कोंकणच्या किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवण्यांत येतात. जून व जुलै हे महिने पुष्कळ माशांच्या विणीचे. त्यामुळें यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर सरकारी बंदीहि असते. पूर्वीं या दिवसांत मुंबई-पुण्याच्या मत्स्याहारी कुटुंबांची भिस्त सोडे, सुके बोंबील आणि जवळा यांवर असे. आज दुकानाच्या शीतपेटींत पांढऱ्या माशाच्या, कांटे काढलेल्या तुकड्या बाराहि महिने मिळतात. त्यांतील पुष्कळशा ‘बासा’ या नांवानें विकल्या जातात. हा मासा गोड्या पाण्यांतला, मूळचा मेकाँग नदीच्या खोऱ्यांतला; व्हिएतनामांत आणि भारतांत आंध्र प्रदेशांतहि तो तळ्यांत पाळतात.

पुष्कळ घरांत या माशाविषयीं दोन तक्रारी ऐकूं येतात. बर्फांतला मासा म्हणजे शिळा मासा, ही पहिली. आणि तव्यावर टाकतांच त्याचें पाणी पाणी होतें, ही दुसरी. पहिली तक्रार बहुतांशीं गैरसमजाची आहे. दुसरी खरी आहे, परंतु तिला उपाय आहे.

माशाच्या मांसांत तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पाण्याचा असतो. मासा सावकाश गोठला, तर या पाण्याचे मोठे व अणकुचीदार स्फटिक बनतात आणि ते मांसाच्या पेशी फाडतात. तोच मासा झपाट्यानें गोठविला, तर स्फटिक बारीक राहतात व पेशी बऱ्याच अंशीं शाबूत राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन गृहस्थानें १९१२ नंतरच्या कांहीं वर्षांत लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडींत तेथील रहिवाशांचे मासे क्षणांत गोठतांना पाहिले, आणि पुढें १९२० नंतरच्या दशकांत त्यावरून शीघ्र गोठविण्याचीं यंत्रें तयार केलीं. उणे १८ अंश सेल्सियसला जंतूंची वाढ थांबते. मात्र सारे जंतु मरत नाहींत. बर्फ वितळला कीं ते पुन्हा जागे होतात. म्हणून सारी दक्षता वितळण्याच्या वेळीं घ्यावयाची असते.

आतां खरेदीचा विचार. तुकडी सुकूं नये म्हणून तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवितात. तो योग्यच आहे. परंतु थर जाड झाला, तर ग्राहक माशाच्या भावानें पाणी विकत घेतो. समजा, एक किलोची पिशवी ४०० रुपयांस घेतली आणि बर्फ गेल्यावर मासा ८०० ग्रॅम भरला. तर खरा भाव किलोला ५०० रुपये पडला. म्हणून पिशवीवर बर्फ वगळून निव्वळ वजन किती दिलें आहे, तें वाचावें. एकदां घरीं तुकड्यांवरचा बर्फ थंड पाण्यानें घालवून, त्या टिपून वजन करून पाहिल्यास कोणता माल किफायतीचा, हें कायमचें समजतें. अख्ख्या माशाशीं तुलना करतांनाहि असाच हिशेब करावा. अख्खा मासा ३०० रुपये किलो असला आणि डोकें, आंतडीं व कांटे जाऊन निम्मा उरला, तर खाण्याजोग्या भागाचा भाव ६०० रुपये होतो.

पिशवींत हिमकण फार सांचले असतील किंवा सर्व तुकड्या मिळून एकच ढेकूळ झाली असेल, तर माल मध्यंतरीं वितळून पुन्हा गोठला असण्याचा संभव असतो. कडांवर खडूसारखे कोरडे, पांढरे डाग दिसले, तर मासा सुकलेला समजावा. हा जिन्नस खरेदीच्या अगदीं शेवटीं घ्यावा आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून तडक घरीं आणावा. लहान शीतकपाटांतील बर्फाच्या कप्प्यांत उणे १८ अंश थंडी सहसा राहत नाहीं. तेथें ठेवलेला मासा थोड्या दिवसांतच संपवावा.

मासा ओट्यावर उघडा ठेवून किंवा गरम पाण्यांत टाकून वितळवूं नये. आदल्या रात्रीं तो शीतकपाटाच्या खालच्या भागांत, ताटलीवर चाळणी ठेवून तींत ठेवावा. सुटलेलें पाणी टाकून द्यावें. घाई असल्यास घट्ट बांधलेल्या पिशवीसह थंड पाण्यांत बुडवावा. एकदां वितळलेला मासा पुन्हा गोठवूं नये. म्हणून लागतील तेवढ्याच तुकड्या काढाव्या.

पाणी सुटण्याचा उपाय सोपा आहे. तुकड्या स्वच्छ फडक्यांत हलकेच दाबून टिपाव्या. मीठ-हळद लावून दहा मिनिटें ठेवाव्या, म्हणजे आंतील आणखी पाणी बाहेर येतें. तें पुन्हा टिपावें. मग आलें-लसणीचें वाटण व तिखट चोळून, तांदळाच्या पिठांत रवा मिसळून त्यांत घोळवाव्या. तवा चांगला तापल्यावर थोड्याच तुकड्या एका वेळीं टाकाव्या. गर्दी केली, तर तवा निवतो आणि मासा तळला न जातां वाफेवर शिजतो.

कालवणाचा क्रम निराळा. कांट्यांशिवायच्या माशाचा रस्सा फिका लागतो; म्हणून नारळ, धने, मिरची व लसूण यांचें वाटण जरा सढळ हातानें घ्यावें. रस्सा आमसुलें घालून आधीं पुरता उकळावा. मासा शेवटीं सोडावा. पांच ते सात मिनिटांत तो शिजतो. त्यांत डाव फिरवूं नये, पातेलें कडांना धरून हलवावें. मांस अपारदर्शक होऊन त्याचे पदर सुटूं लागले, कीं चूल बंद करावी. तुकड्यांचा चुरा झाल्यास उकडलेल्या बटाट्यांत मिसळून वड्या थापाव्या. थोडक्या मासळींत मोठें कुटुंब जेवतें.

या माशांत चरबी थोडी असते. त्यामुळें बांगडा व तारली यांतील उपयुक्त तेलें त्यांत फारशीं मिळत नाहींत. नारळी पौर्णिमेनंतर बाजारांत बांगडा स्वस्त झाला, कीं शहाण्या गृहिणीनें टोपली घेऊन बसलेल्या कोळिणीकडेच वळावें. परंतु तोंवर लहान मुलाला आणि दांत गेलेल्या आजोबांना कांट्याची भीति न बाळगतां जेवतां यावें, आणि महिनाअखेरचा हिशेबहि जुळावा, इतकें काम हा बर्फांतला मासा चोख बजावतो.