एक पॉइंट चारचं विरजण

दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचं दहीच. गो या प्रोग्रामिंग भाषेचं २०१५पासून असंच चाललंय. त्याआधी तिचा कंपायलर सी भाषेत लिहिलेला होता. १.५ आवृत्तीत तो गोमध्येच आला. सीमधला बराचसा कोड चक्क एका प्रोग्रामकरवी गोमध्ये उतरवला होता. तेव्हापासून गो तयार करायला आधीचं गो हाताशी लागतं.

नव्या मशीनवर हे जाणवतही नाही. जाणवतं ते सेंटओएस ६सारख्या म्हाताऱ्या लिनक्सपुढे बसल्यावर. जन्म २०११चा, कर्नल २.६.३२, सीचा कंपायलर जीसीसी ४.४.७, आणि देखभाल ३० नोव्हेंबर २०२०ला संपलेली. पॅकेजं आणून देणाऱ्या 'यम'चे नेहमीचे पत्ते बंद. जुनी पॅकेजं 'व्हॉल्ट' नावाच्या माळ्यावर टाकलेली.

इथे गो १.२३ हवं असेल तर सुरुवात १.४पासून. सीमधला कंपायलर असलेली ही शेवटची आवृत्ती, म्हणून तिला जुनं जीसीसी पुरतं. १.४वर १.१७ बनतं, १.१७वर १.२०, आणि १.२०वर १.२३. दर वेळी 'गोरूट_बूटस्ट्रॅप' या व्हेरिएबलमध्ये आधीच्या गोचा पत्ता द्यायचा आणि 'मेक डॉट बॅश' ही स्क्रिप्ट चालवायची. पडद्यावर ओळी उमटतात: टूलचेन१, टूलचेन२, टूलचेन३. एकच कंपायलर तीनदा कशाला? पहिला नव्या कोडचा असला तरी जुन्याच्या हातचा असतो. त्याच्याकडून दुसरा करून घेतात, दुसऱ्याकडून तिसरा. विरजणाचा जुना वास जाईपर्यंत.

हे जमतं, कारण लिनक्सवर गो थेट कर्नलशी बोलतं. जीलिबसी या सीच्या लायब्ररीच्या वयाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. रस्ट या दुसऱ्या भाषेचं तसं नाही. १.६४पासून त्याला किमान जीलिबसी २.१७ लागते आणि सेंटओएस ६वर आहे २.१२. तिथेच गाडी अडते.

आता कोणी म्हणेल, तयार बायनरी मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. घाई असेल तर बायनरीच घ्यावी. पण कंपायलरमध्ये चोरवाट लपवता येते आणि सोर्स कितीही वाचला तरी ती दिसत नाही, हे केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं. ते १९८४मध्ये छापून आलं. हेच थॉम्पसन पुढे रॉबर्ट ग्रीझेमर आणि रॉब पाइक यांच्यासोबत गोच्या तीन जनकांपैकी एक झाले. ही शंका आता तपासता येते, कारण १.२१पासून गोची बांधणी बाइटन् बाइट तीच निघेल अशी केलेली आहे. म्हणजे या म्हाताऱ्यावर चार पायऱ्या चढून केलेल्या १.२३चा शा-२५६ हा पडताळणीचा आकडा अधिकृत आकड्याशी ताडून बघता येतो. माझ्या मते एवढ्यासाठी तरी एकदा हा खटाटोप करावा.

पाचवी पायरी मात्र इथे नाही. १.२४ला कर्नल ३.२ लागतो.