काळी तबकडी – १४ : आधी भोकाचं बघू

सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांनी माझ्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंय. पियानोची नवी, महागडी, १८० ग्रॅमची रीइश्यू, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची पुन्हा काढलेली तबकडी. पहिली बाजू सुरेख, दुसऱ्या बाजूला मात्र प्रत्येक लांब सूर डुलतो. टर्नटेबल बिघडलं का?

टर्नटेबल बिघडलं असतं तर दोन्ही बाजू डुलल्या असत्या. दोष भोकाचा आहे.

तबकडी ज्यातून दाबून काढतात त्या निकेलच्या साच्याला, म्हणजे स्टॅम्परला, भोक पाडण्याआधी कारागीर सूक्ष्मदर्शकातून त्याच्यावरच्या रेषा न्याहाळत, साचा फिरवत, केसभर सरकवत मध्य शोधतो. प्रेसमध्ये साचा बसतो तो या भोकाच्या आधाराने. बाजू दोन, साचे दोन, म्हणून मध्यही दोन. आणि साचा चुकला की त्यातून निघालेल्या शेकडो तबकड्या तशाच चुकलेल्या.

मध्य ०.२ मिलिमीटरने हुकला असं धरू. कडेला, १४६ मिलिमीटर त्रिज्येवर, सूर ०.१४ टक्के वरखाली होतो. लेबलाजवळ, ६० मिलिमीटरवर, ०.३३ टक्के. म्हणजे दर १.८ सेकंदांच्या फेरीत सूर जो झोका घेतो तो सा आणि कोमल रे यांमधल्या अंतराच्या नवव्या हिश्श्याएवढा. ड्रम हे पचवतात. पियानो आणि तानपुरा लगेच चुगली करतात.

कानाची गंमत बघा. जाझ वादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीची पहिली बाजू १९५९ पासून किंचित चढ्या सुरात विकली जात होती, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेप मशीन हळू चाललं होतं. दुसऱ्या मशीनवरची टेप काढून दुरुस्ती झाली ती थेट १९९२ साली. तोवर लाखोंनी ती सुखाने ऐकली! चढलेला सूर चालतो, डुलणारा चालत नाही.

मध्य हुकण्याच्या या रोगावर खरा इलाज केला नाकामिची या कंपनीने, १९८०च्या दशकात. त्यांचं टीएक्स-१००० हे टर्नटेबल आधी शेवटची खाच तपासायचं आणि मग तबकडीच सरकवून मध्यावर आणायचं. आजच्या रीइश्यूवाल्यांनी ग्रॅम आणि मास्टर टेपची जाहिरात करण्याऐवजी साच्याचा मध्य किती अचूक आहे ते छापलं, तर मी आनंदाने जास्त पैसे मोजीन.

मी एकदा कानस घेऊन भोक रुंद केलं होतं. एक बाजू सुधारली, दुसरी बिघडली. तेव्हा सांगलीकर, कानस नको. टोनआर्म समोरून बघा. तो दर फेरीला डावी-उजवीकडे झुलत असेल तर तबकडी बदलून मागा. दुसरी प्रतही झुलली तर ती त्याच साच्याची समजा आणि पैसे परत घ्या. तिसरी मागू नका.